जोमासाहेबांची चिकटपट्टी

त्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोरीवर नारिंगी पंचा नव्हता. दूध घेऊन येताना मी वर पाहिलं, शाळेच्या ऑफिसला निघताना पुन्हा पाहिलं, दोरी रिकामीच. तो पंचा म्हणजे आमच्यातली ठरलेली खूण होती. जोमासाहेब आमचे भाडेकरू, एकटे राहायचे. वय सत्तरीच्या पुढे, हृदयाचं दुखणं आणि सगळं गणगोत समुद्रापलीकडे मॉरिशसला. तेव्हा सकाळी उठलं की त्यांनी पंचा दोरीवर टाकायचा, आणि तो दिसला नाही तर मी माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं दार उघडायचं, असं मीच ठरवून दिलं होतं. याआधी एकदाच तशी वेळ आली होती. पंचा वाऱ्यानं उडून खालच्या पत्र्यावर पडला होता आणि मी धापा टाकत वर गेले, तर साहेब आरशासमोर दाढी करत उभे. फेसाळलेल्या तोंडानं म्हणाले, "मादाम, तुम्ही आधी वारा तपासायला पाहिजे होता."

या वेळी वारा नव्हता. तरीही मी एकटी वर गेले नाही. आधी धाकटे दीर हरेश यांना हाक मारली, शेजारच्या खोलीतल्या भाडेकरू बाईंना बाहेर बोलावलं, मोबाईलवर शूटिंग चालू केलं आणि मग किल्ली लावली. परदेशी नागरिक, बंद खोली आणि किल्ली आमच्याकडे... माणूस आजारी असेल तर डॉक्टर लागणार, गेला असेल तर पोलीस. साक्षीदार दोन्हीकडे लागणार. जोमासाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर, मान जराशी कललेली. झोपेतून उठून बसले असावेत आणि तिथेच संपलं असावं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या हाताला हात लावला, तो गार होता. आणि त्यानंतर माझी नजर सरळ लोखंडी कपाटाकडे गेली. कपाटाच्या दोन दारांवर, हँडलच्या खाली, एक चिकटपट्टी आडवी लावलेली असायची. ती नव्हती. कपाट कुणीतरी उघडलंय, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. रडू वगैरे त्याच्या बरंच नंतर आलं.

हे वाचून कुणाला मी निष्ठुर वाटेन. पण जोमासाहेब असते तर त्यांनीही अगदी हेच केलं असतं, आणि शूटिंग करताना तारीख-वेळ दिसतेय ना, हेही विचारलं असतं. आम्हा दोघांचं जमलं ते याच एका गोष्टीवर. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, माझा त्यांच्यावर नव्हता, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी एक एजंट त्यांना घेऊन आला. सीवूड्स स्टेशनच्या मागे जुन्या गावात आमची चार मजली बिल्डिंग आहे. मॉल आणि टॉवर एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, मधे आमचं गाव. उंच, सावळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस दारात उभा राहून म्हणाला, "नमस्कार. मी मॉरिशसहून आलो आहे. मला एक खोली पाहिजे आहे." सगळी क्रियापदं पूर्ण, एकही अक्षर गिळलेलं नाही. आमच्याकडे असं मराठी रेडिओवरही कुणी बोलत नाही. ते मराठी त्यांनी आजीकडून आणि तिकडच्या संध्याकाळच्या वर्गांतून शिकलेलं. पोर्ट लुईच्या बंदरात कस्टममध्ये नोकरी केलेली, बायको वारलेली, मूलबाळ नाही. पेन्शन होती, पण एकट्यानं तिथे बसून करायचं काय? त्यांचे पूर्वज दीडेकशे वर्षांपूर्वी इथून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेले. त्यांचं मूळ बघायचं, इथेच राहायचं, असं ठरवून ते आले होते. मी ओळखपत्रं मागितली. पासपोर्टवर आडनाव होतं 'जोमा'. म्हणाले, "हे आडनाव नाही, मादाम. बोटीत चढलेल्या माणसाचं हे नाव आहे. तिकडच्या कारकुनाने आडनावाच्या जागी लिहिले. त्याच्या गावाचं नावही लिहिले आहे." आणि त्यांनी आमच्याच गावाचं नाव घेतलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंच्या हातातलं ताट तिथेच थांबलं.

का थांबलं, ते सांगायला हवं. आमच्या गावाच्या जमिनी शहर वसवायला गेल्या. बदल्यात काही वर्षांनी घरटी प्लॉट मिळाले. त्या प्लॉटवर नावं चढवायची म्हणजे आधी वारस ठरवायचे, आणि वारस ठरवायला लागलं की कुठून कुठून माणसं उगवतात. शेजारच्या घरात पेणहून एक जण आला, 'मी तुमच्या आत्याचा नातू' म्हणत चार दिवस जेवला, पाचव्या दिवशी त्याच्या वकिलाची नोटीस आली. त्यांच्या प्लॉटवर अजून कुंपणाशिवाय काही नाही. आमचा प्लॉट तेव्हा बिल्डरला द्यायचं चाललं होतं. आणि आमच्या घरात एक जुनी गोष्ट होती, सासूबाईंकडून घरातच ऐकलेली: सासऱ्यांच्या आज्याचा एक चुलता मिठागरावरून निघून गेला तो परत आलाच नाही. कुठे गेला, नाव काय, कुणालाच माहीत नाही. गाव म्हटलं की अशा गोष्टी तीन-चार घरांत निघतील. पण हा माणूस आमच्याच दारात उभा होता.

"वहिनी, टेन्शन हाय," हरेशभाऊ रात्री जेवताना म्हणाले. "हा मानूस खोली नाय बघायला आला. हिस्सा बघायला आलाय."

"मग देऊ नको खोली," माझा नवरा संतोष म्हणाला.

मी वेगळा विचार केला. मी साताऱ्याकडची, वडील वाशीच्या बाजारात हमाली करायचे, जुईनगरला दोन खोल्यांत वाढले. या घरात सून म्हणून आले तेव्हा जमीन माझी नव्हती; पण कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आणि मग माझ्याइतकं डोळ्यांत तेल घालून कुणी बसलं नाही. मी म्हटलं, संशयाचा माणूस गावात दुसरीकडे राहून चौकश्या करण्यापेक्षा आपल्या तिसऱ्या मजल्यावर बरा, दिसत तरी राहील. सासूबाईंना एवढंच सांगितलं की ती चुलत्याची गोष्ट जोमासाहेबांपुढे काढायची नाही. आणि भाडेकरारात मी एक कलम घातलं: भाडेकरूचे घरमालकाच्या कुटुंबाशी कोणतेही नाते नाही व पुढेही तसा दावा करता येणार नाही. वकील हसला. जोमासाहेब हसले नाहीत. करार घेऊन गेले, दोन दिवस वाचला आणि परत येऊन म्हणाले, "हे कलम उत्तम आहे. याच्याखाली आणखी एक पाहिजे. घरमालकाच्या कुटुंबाचेही भाडेकरूशी, त्याच्या पेन्शनशी आणि बँकेशी कोणतेही नाते नाही." मी मान वर करून पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, अगदी शांतपणे, विमानतळावर बॅग उघडायला सांगणारा माणूस बघतो तसे.

मग आमची सहा वर्षं सुरू झाली. परक्या देशात म्हातारपणी एकट्यानं राहायचं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. आधार कार्ड नाही म्हणून सिमकार्डसाठी तीन दुकानं, गॅससाठी वेगळा अर्ज, बँकेत दर थोड्या दिवसांनी 'साहेब, पुन्हा केवायसी'. पेन्शन तिकडच्या बँकेत जमा व्हायची आणि तिथून इकडे पाठवायला जो ओटीपी लागतो तो तिकडच्याच नंबरवर यायचा. त्यासाठी एक जुना बटणांचा फोन त्यांनी गॅलरीच्या खिडकीत, जिथे रेंज येते तिथे, सुतळीनं गजाला बांधून ठेवलेला. ओटीपी आला की कुणालाही, अगदी मलाही, दारात थांबायला सांगायचे. बँकेतला एक गोड बोलणारा मुलगा त्यांना एक योजना विकायला आला होता. पैसे मिळणार ते साहेबांच्या नव्वदीनंतर. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "त्या दिवशी आपण दोघं कुठे भेटणार आहोत?" पोरगा पुन्हा फिरकला नाही. आरोग्य विम्यासाठी मी चार कंपन्यांत विचारलं. वय ऐकूनच नकार आला. शेवटी हॉस्पिटलसाठी म्हणून वेगळी ठेव काढली आणि ती मोडायची कशी हे त्यांना लिहून दिलं. त्यांनी ते बँकेत जाऊन पडताळून घेतलं. औषधाच्या प्रत्येक पाकिटावरची तारीख आधी मी वाचायची आणि मग ते वाचायचे. केमिस्ट वैतागून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही एकीनं वाचा किंवा यांना वाचू द्या." आम्ही दोघंही वाचत राहिलो.

चिकटपट्टी मी पहिल्यांदा पाहिली ती नळाच्या कामाला प्लंबर घेऊन गेले तेव्हा. साहेब खाली गेले होते. कपाटाच्या दोन दारांवर पारदर्शक पट्टी, जराशी तिरकी. मला राग आला. म्हणजे हा माणूस बाहेर जाताना कपाटाला सील लावून जातो, कारण दुसरी किल्ली माझ्याकडे! त्या संध्याकाळी मी तोंडावरच विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत.

"मी आयुष्यभर लोकांच्या पेट्या उघडल्या, मादाम. सील असलं म्हणजे भांडण होत नाही. उद्या माझं काही हरवलं, तर मी आधी ही पट्टी बघीन. पट्टी शाबूत असेल तर तुमच्यावर संशय नाही. ही तुमच्यासाठीच आहे."

"आणि तुटलेली असेल तर?"

"तर आहेच," ते म्हणाले.

त्या दिवसापासून भाडं घेताना मी पावती दोन प्रतींत द्यायला लागले. सासूबाईंना हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटायचा. "दोगंव सारकंच," म्हणायच्या. "एक मांजर आनि दुसरा पन मांजर."

पण त्या स्वतःही साहेबांवर नजर ठेवून होत्याच. तो माणूस गावदेवीच्या देवळापाशी किती वेळ बसतो, खाडीच्या बांधावर कुठपर्यंत जातो, कुठल्या म्हाताऱ्याशी बोलतो, हे त्यांना सगळं माहीत असायचं. साहेब कधी कुणाकडे जमिनीचा विषय काढत नव्हते, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. हरेशभाऊंना त्यात आणखीच काळंबेरं दिसायचं. "काढत नाय म्हंजे पक्का हाय. कच्चा मानूस पहिल्याच दिवशी इचारतो." दुसऱ्या वर्षी पितृपक्षात साहेब खाली आले आणि सासूबाईंना म्हणाले, "आपण गेलेल्या माणसांसाठी पान वाढता. आम्ही तिकडे जोमापर्यंतच वाढतो, त्याच्या पलीकडची नावं आम्हाला माहीत नाहीत. पण तो इथला. त्याला इथे एक पान जास्तीचं वाढता येईल का?" सासूबाई काही बोलणार इतक्यात मीच म्हटलं, "साहेब, ते ज्या त्या घरानं करायचं असतं. तुम्ही तुमच्या गॅलरीत वाढा." हरेशभाऊ दारातच उभे होते. साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं." वर जाऊन त्यांनी कुकरला भात लावला, डाळ केली आणि गॅलरीच्या कठड्यावर पान मांडलं. दुपारी सासूबाई जिन्याकडे निघाल्या, हातात झाकलेली ताटली.

"आई, कुठं?"

"वरे देतंय त्याला. भारेकरूला वरे देयाला बी कागद लागतं काय तुजा?"

मी त्यांना जाऊ दिलं. वड्यांनी नातं सिद्ध होत नाही, एवढं मला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी साहेबांनी वरून फोन केला. "मादाम, छातीवर कुणीतरी बसलं आहे." रिक्षानं नेरूळच्या एका हॉस्पिटलात नेलं. आत घेतलं, तपासलं, ताबडतोब अँजिओप्लास्टी करावी लागेल म्हणाले आणि काउंटरवरच्या मुलीनं माझ्यापुढे संमतीचा फॉर्म सरकवला.

"पेशंटशी रिलेशन?"

"घरमालक."

"तसं नाही मॅडम, नातेवाईक लागतो."

"त्यांचे नातेवाईक परदेशात आहेत. मी शेजारी म्हणून सही करते."

"शेजारी चालत नाही. हे बघा ना, छापलंय." खरंच छापलेलं होतं. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. सगळ्यात शेवटी, 'इतर नातेवाईक'.

माझ्या हातात पेन होतं. समोर स्ट्रेचरवर माणूस घामाघूम झालेला, आणि माझ्या डोक्यात आमचा प्लॉट. 'इतर नातेवाईक'वर खूण करून सही केली की तो माझ्या हातचा पुरावा... कुणी कधी वापरेल सांगता येत नाही. बरं, नाही केली तर? मी पेन कागदाला टेकवलं आणि तिथेच थांबले. तेवढ्यात स्ट्रेचरवरून साहेबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मादाम. 'इतर' ठेवा. 'नातेवाईक' खोडा."

"अहो, बोलू नका तुम्ही!" नर्स ओरडली.

"आणि खोडलं तिथे सही करा. नाही तर उद्या कुणीही काहीही म्हणेल."

मी 'नातेवाईक' या शब्दावर आडवी रेघ मारली, रेघेच्या टोकाला सही केली, खाली सही केली. काउंटरवरची मुलगी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. डॉक्टर घाईत होते, त्यांनी फॉर्म ओढून घेतला. चौथ्या दिवशी साहेब पलंगावर बसून पेन्सिलनं बिल वाचत होते. "आमच्याकडे सरकारी दवाखाना फुकट आहे," म्हणाले, "बिल वाचायला मी इथेच शिकलो आहे. बघा, यांनी मला दोनदा जेवू घातलं आहे, आणि मी एकदाही जेवलो नाही." त्या रकमा कमी झाल्या. घरी येताना रिक्षात त्यांनी बिल घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तुम्ही थांबलात ते मी पाहिलं. पेन हातात घेऊन थांबलात."

"हो."

"बरोबर केलंत. घाईनं सही करणाऱ्या माणसावर मी कधी विश्वास ठेवत नाही."

पंच्याची खूण त्यानंतरची.

या वर्षी आमच्या मुलाचं, निनादचं, लग्न ठरलं. मुलगी जुईनगरची, माझ्या माहेराजवळचीच. साखरपुड्याचा हॉल, जेवण, गुरुजी, पाहुण्यांची यादी, सगळं माझ्याकडे, सगळं झालेलं. साहेब निनादसाठी कापड घेऊन आले होते आणि त्याची पावतीही सोबत, म्हणजे बदलता येईल. साखरपुडा दोन दिवसांवर आला असताना दोरीवर पंचा दिसला नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, वकिलातीला कळवलं. मॉरिशसहून पुतण्या, रवीन, व्हिडिओवर आला. त्याला इतक्या लवकर येणं शक्य नव्हतं. त्यानं इथेच दहन करा म्हणून लेखी कळवलं. कपाटात मी कुणालाच हात घालू दिला नाही. पोलिसांनाही फक्त वरचा खण दाखवला, त्यात पासपोर्ट होता. संध्याकाळी विद्युतदाहिनीत सगळं झालं. तिथे अग्नी द्यायला कुणाचं कोण ते विचारत नाहीत, बटण दाबतात. आम्ही आंघोळी करून घरात आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि देवघरात अंधार होता.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, विसरल्या असतील. काडेपेटी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "लावू नको."

"का?"

"सुतक हाय."

हरेशभाऊ चप्पल काढता काढता थांबले. "कनाचा सुतक? भारेकरूचा?"

"लांबच्याचा तीन दिस असतं," सासूबाई म्हणाल्या. "तीन दिस दिवा नाय, देव नाय, कार्य नाय."

मग घरात जे झालं ते झालं. हरेशभाऊंचा आवाज चढला. तीन दिवस सुतक म्हणजे साखरपुडा पुढे. साखरपुडा पुढे म्हणजे साऱ्या गावाला कारण कळणार. सहा वर्षं आपण कागदावर लिहून, खोडून, सह्या करून जे सांभाळलं ते म्हातारी एका दिव्यानं घालवते आहे. उद्या तो पुतण्या येईल आणि म्हणेल, तुमच्या घरानं सुतक पाळलं, अजून काय पुरावा पाहिजे? मीही त्यांच्याच बाजूची होते. मी म्हटलं, "आई, तो आपला होता असं तुम्हाला कुणी सांगितलं? काही माहीत नाही आपल्याला."

"म्हनून तं पालतंय," त्या म्हणाल्या. "मना ठाव नाय. तुला ठाव हाय? याला ठाव हाय? कोनालाच ठाव नाय. नसला आपला, तं तीन दिस घर काळोखान रव्हल, काय बिगरत नाय. आनि असला तं? आपला मानूस वरती मेला नि खाली आपुन पेढं वाटलं, असा व्हल."

"आणि प्लॉट?" हरेशभाऊ म्हणाले.

"प्लॉट हाय तितंच हाय. तो काय उठून चालतंय?"

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि विषय संपला. आमच्या घरात असे विषय त्यांच्याकडेच संपतात. संशय आला की मी माणसाला दाराबाहेर ठेवते. त्यांनी त्याच संशयावर त्याला घरात घेतलं होतं. मला ते पटलं असं नाही म्हणणार. पण काडेपेटीला मी हात लावला नाही.

मुलीकडे फोन मलाच करायचा होता. सगळी कामं माझ्याकडे असतात तसं हेही. मी काय बोलायचं ते मनात नीट लावून घेतलं: हॉलवाल्याशी बोलले आहे, पुढच्या आठवड्यातला दिवस मिळतोय, जेवणवाला तयार आहे, पाहुण्यांना आम्ही कळवू. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "पण झालं काय, ताई?"

"घरात सुतक आहे."

"अगं बाई! कोण गेलं?"

समोर तिसऱ्या मजल्यावरून आणलेली औषधांची पिशवी होती. मला तो फॉर्म आठवला... आई, वडील, भाऊ, बहीण. माझी खोडलेली रेघ आठवली. 'भाडेकरू' म्हटलं असतं तर सुतक कसलं, हा पुढचा प्रश्न आला असता. 'शेजारी' तर हॉस्पिटलातही चाललं नव्हतं. हरेशभाऊ दारात उभे होते, अगदी पितृपक्षात उभे होते तिथेच.

"मॉरिशसचे काका," मी म्हटलं.

"सख्खे?"

"नाही, लांबचे. तीन दिवसांचंच आहे."

हरेशभाऊ आत गेले. तीन दिवसांनी सासूबाईंनी दिवा लावला, पुढच्या आठवड्यात साखरपुडा झाला. निनादनं साहेबांनी दिलेल्या कापडाचा शर्ट घातला होता.

आता दीड महिना होत आला. रवीन पुढच्या महिन्यात अस्थी आणि सामान न्यायला येतोय. हरेशभाऊंना खात्री आहे की तो सामानापुरता येत नाही. मीही सावध आहे. त्याच्याशी फोनवर बोलते ते नेमकंच, आणि बोलणं झालं की काय बोललो ते त्याला लिहून पाठवते. सासूबाईंनी मात्र जाहीर केलंय की तो आला की मिठागरावरून गेलेल्या चुलत्याची गोष्ट त्या त्याला सांगणार. त्या सांगतीलच. पुढे काय होईल ते आमच्या हातात नाही.

गेल्या रविवारी मी संतोषला बरोबर घेऊन खोली आवरायला गेले. गजाला सुतळीनं बांधलेला फोन सोडला, बंद करून पाकिटात घातला. पंचा घडी करून ठेवला. मग कपाटापाशी गेले. तो चिकटपट्टीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. कुणी काढली? कधी काढली? चष्मा लावून जवळून बघितलं. पट्टी जिथे असायची तिथे दोन्ही दारांवर एक पिवळट डाग होता, आणि त्या चिकट डागावर धूळ बसून ती काळी पडली होती. अशी धूळ एका रात्रीत बसत नाही, या दीड महिन्यातही नाही. पट्टी कुणी काढलेली नव्हती. साहेबांनीच कधीपासून तरी लावायची सोडून दिली होती. मला वाटलं, रोल संपला असेल आणि आणायचा राहिला असेल. टेबलाचा ड्रॉवर उघडला. रोल तिथेच होता, जवळजवळ नवा.

संतोष म्हणाला, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. तू खुंटीवरचे कपडे मोज."

सगळं आवरून झाल्यावर कपाट नीट बंद आहे ना ते पाहिलं, आतलं काहीही हलवलं नव्हतं. रवीन येईल तेव्हा तो स्वतः उघडेल. मग ड्रॉवरमधून रोल काढला, टोक नखानं सोडवलं आणि एक पट्टी कापून दोन्ही दारांवर लावली. हँडलच्या खाली, जुन्या डागावर बरोबर, जराशी तिरकी.